‘एका स्पर्शात मोबाइल बॅकअप’ असे लेबल लावलेली हार्ड डिस्क: तीन महिने आणि तीन फोन

गेल्या दिवाळीच्या आधी आईच्या फोनने जागा संपत आल्याची सूचना रोज सकाळी द्यायला सुरुवात केली, तेव्हा घरातील तिन्ही फोनमधले फोटो, व्हिडिओ आणि कागदपत्रे एकदा कोठेतरी नीट उतरवून ठेवायची असे मी ठरवले. गुगल फोटोजमधील अमर्याद मोफत साठवणूक १ जून २०२१ रोजी बंद झाली. त्यानंतर प्रत्येक खात्याला मिळणारी १५ जीबीची जागा मेल, फोटो आणि ड्राइव्ह या तिघांत वाटून वापरावी लागते, आणि अँड्रॉइडवरील व्हॉट्सॲपचा बॅकअपही आता त्याच जागेत मोजला जातो. जागेचे भाडे दरमहा भरत राहण्यापेक्षा एकदाच पैसे मोजावेत आणि वस्तू आपल्या कपाटात असावी, या विचाराने पुण्यातील तापकीर गल्लीतल्या एका दुकानातून १ टेराबाइट क्षमतेची पोर्टेबल हार्ड डिस्क मी सुमारे पाच हजार रुपयांना घेतली. कंपनीचे नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे सांगितलेल्या अडचणींपैकी निम्म्याहून अधिक अडचणी या प्रकारच्या कोणत्याही डिस्कला येऊ शकतात आणि उरलेल्या अडचणींबद्दल कंपनीशी माझा पत्रव्यवहार झालेला आहे.

खोक्यात डिस्क, वीतभर लांबीची केबल आणि त्या केबलच्या टोकाला लावून फोनमध्ये घालता येईल असा एक छोटा टाइप-सी अडॅप्टर होता. खोक्याच्या दर्शनी बाजूला ‘एका स्पर्शात मोबाइल बॅकअप’ अशा अर्थाची ठळक ओळ होती आणि तिच्याखाली कंपनीच्या ॲपचे चिन्ह छापलेले होते. दुकानदार म्हणाले, “ताई, फोनला लावा आणि बटण दाबा, बाकी काही बघायला नको.” पुढच्या तीन महिन्यांत जे काही बघावे लागले, त्याचाच हा वृत्तान्त आहे.

आधी डिस्कच्या बाजूचे सांगते, कारण संगणकाला जोडलेली डिस्क म्हणून तिच्याविषयी माझी काहीही तक्रार नाही. यूएसबी ३ च्या पोर्टवर मोठ्या फाइली सेकंदाला १०० ते ११० एमबी वेगाने उतरतात, फिरण्याचा आवाज कानाजवळ नेल्याखेरीज ऐकू येत नाही आणि दोन तासांच्या सलग वापरानंतरही ती हाताला कोमट लागते, त्यापेक्षा अधिक तापत नाही. विंडोजमध्ये तिची क्षमता ९३१ जीबी दिसते, यात फसवणूक नाही. कंपनी १ टेराबाइट म्हणजे एकावर बारा शून्ये इतके बाइट मोजते आणि विंडोज १०२४ च्या पटीत मोजते, एवढाच हा फरक आहे. बाजारात अतिस्वस्त आणि अतिप्रचंड क्षमतेच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या बनावट डिस्क मात्र असतात, ज्या भरत आल्या की जुन्या फाइलींवरच नव्या लिहू लागतात. तसा काही प्रकार नाही ना, हे पाहण्यासाठी मी एच-टू-टेस्ट-डब्ल्यू या मोफत प्रोग्रॅमने संपूर्ण डिस्क एकदा भरून आणि परत वाचून पाहिली. त्याला जवळजवळ एक दिवस लागला, पण डिस्क खरी आणि निर्दोष निघाली. नवी डिस्क घेतल्यावर ही चाचणी आधी करावी आणि माहिती नंतर ठेवावी, असे माझे मत झाले आहे.

आता फोनकडे वळू. पहिल्याच दिवशी डिस्क माझ्या चार वर्षांच्या अँड्रॉइड फोनला जोडली, तेव्हा फोनने ही ड्राइव्ह चालणार नाही असे सांगितले आणि त्याच सूचनेखाली ती फॉरमॅट करण्याचे बटण दाखवले. डिस्क कारखान्यातून एनटीएफएस या पद्धतीने फॉरमॅट होऊन, म्हणजे फाइली ठेवण्यासाठी त्या पद्धतीने आखून, आली होती. एनटीएफएस ही विंडोजची पद्धत आहे आणि बहुसंख्य अँड्रॉइड फोन ती ओळखत नाहीत. म्हणजे खोक्यावर ‘मोबाइल बॅकअप’ असे छापायचे आणि आतली डिस्क मात्र फोनला वाचताच येणार नाही अशा स्थितीत पाठवायची, असा हा प्रकार होता. डिस्क रिकामी होती म्हणून माझे काही गेले नाही. पण जिच्यावर आधीपासून संगणकाचा डेटा आहे अशी डिस्क कोणी फोनला लावली आणि त्या बटणावर सहज बोट ठेवले, तर सगळे पुसले जाईल. फोनवर फॉरमॅटचा प्रश्न आला की आधी केबल काढून घ्यावी आणि डिस्कवर काय आहे हे संगणकावर पाहून मगच पुढे जावे.

मी ते बटण दाबले. माझ्या फोनने डिस्क एफएटी-३२ पद्धतीने फॉरमॅट केली आणि बॅकअप सुरूही झाला. अर्ध्या तासानंतर तो ‘पुरेशी जागा नाही’ असे सांगून थांबला. ९०० जीबीहून अधिक जागा रिकामी असलेल्या डिस्कवर जागा नाही, हे वाचून मी डिस्कवरच संशय घेतला, दोनदा पुन्हा फॉरमॅट केली आणि दोन्ही वेळा काम त्याच ठिकाणी अडले. मुलीच्या अरंगेत्रमचे व्हिडिओग्राफरने दिलेले संपूर्ण चित्रीकरण ६.८ जीबीच्या एका फाइलमध्ये माझ्या फोनवर होते, आणि एफएटी-३२ मध्ये एका फाइलचा आकार ४ जीबीपर्यंतच असू शकतो. फोनला सांगायचे होते की ‘ही फाइल या पद्धतीत मावत नाही’, आणि त्याने सांगितले की ‘जागा नाही’. बॅकअप नेमका त्याच त्याच फाइलवर येऊन थांबत असेल, तर त्या फाइलचा आकार पाहावा. मला हे सुचायला तीन दिवस लागले.

यावर उपाय एक्सफॅट हा आहे. मायक्रोसॉफ्टने २००६ मध्ये आणलेल्या या पद्धतीत ४ जीबीची मर्यादा नाही आणि ती विंडोज, मॅक व आयफोन या तिन्हींना लिहिता-वाचता येते. अँड्रॉइडच्या बाबतीत मात्र अनेक वर्षे हे फोन बनवणाऱ्या कंपनीवर अवलंबून होते. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने एक्सफॅटचा तपशील खुला केला आणि अँड्रॉइड ज्यावर उभे आहे त्या लिनक्सच्या गाभ्यात ती यायला संमती दिली, त्यानंतर ही अडचण नव्या फोनमध्ये बरीच कमी झाली. माझ्या फोनला एक्सफॅट वाचता येत होते, पण फॉरमॅट करताना त्याने ते वापरले नव्हते. म्हणून संगणकावर डिस्क एक्सफॅटमध्ये फॉरमॅट केली आणि अरंगेत्रम पहिल्याच प्रयत्नात डिस्कवर गेले. एक्सफॅटचा एक दोष येथेच नोंदवते. एनटीएफएसप्रमाणे आपण काय लिहीत आहोत याची नोंदवही ती ठेवत नाही, त्यामुळे लिहिणे चालू असताना केबल हलली तर एखादी फाइल अर्धवट राहते किंवा फोल्डरच वाचता येईनासा होतो. फोनच्या सेटिंगमधून डिस्क ‘इजेक्ट’ करून मगच केबल काढणे, ही सवय एक्सफॅट वापरणाऱ्याने लावून घेतलीच पाहिजे.

यानंतर आईचा फोन घेतला. त्यात ९६ जीबी माहिती होती. पहिला प्रयत्न २२ जीबीवर तुटला, दुसरा ९ जीबीवर आणि तिसरा सुरू होण्याआधीच. दरवेळी डिस्कमधून ‘टक्’ असा आवाज यायचा, तिचा दिवा क्षणभर विझायचा आणि फोनवर ड्राइव्ह अचानक काढली गेल्याची सूचना यायची. वस्तुतः केबलला कोणी हातही लावलेला नसायचा. आईने शेवटी “अगं, तिला पुरेसं खायला मिळत नसेल,” असे म्हटले आणि गंमत म्हणजे निदान तेच निघाले. फिरती तबकडी असलेल्या डिस्कला फिरायला लागताना सर्वांत जास्त वीज लागते आणि त्या क्षणी २.५ इंची डिस्क १ अँपिअरच्या आसपास प्रवाह ओढू शकते. यूएसबी २ च्या मानकानुसार पोर्टने ५०० मिलिअँपिअर आणि यूएसबी ३ च्या मानकानुसार ९०० मिलिअँपिअर द्यायचे असतात. पेनड्राइव्हला ते पुरून उरतात, पण हार्ड डिस्कला काठावर पुरतात किंवा अपुरे पडतात. वीज कमी पडली की डिस्कचे वाचक डोके सुरक्षित जागी परत जाते, तोच तो ‘टक्’ आवाज. आईच्या फोनची बॅटरी उतरलेली असताना हे अधिक लवकर घडत होते, हेही पुढे लक्षात आले.

यावरचा खात्रीचा उपाय म्हणजे स्वतःचा वीज-अडॅप्टर असलेला यूएसबी हब. फोन हबला, डिस्क हबला आणि हब भिंतीतील प्लगला, अशी जोडणी केल्यावर डिस्कची भूक हब भागवतो आणि फोनवर तिचा भार पडत नाही. दुकानात ‘हब’ मागितला की बहुधा चार तोंडांचा साधा हब पुढे केला जातो. तो वीज फोनकडूनच घेतो, म्हणून त्याचा येथे काडीचाही उपयोग नाही. मी पहिल्या खेपेस तोच घेऊन आले आणि तीनशे रुपये वाया घालवले. दुसरा, भिंतीतून वीज घेणारा हब आल्यानंतर मात्र गेल्या अडीच महिन्यांत जोडणी एकदाही तुटलेली नाही. खोक्यावरच्या ‘एका स्पर्शा’साठी आणखी एक हब, एक प्लग आणि टेबलावर अर्ध्या हाताची जागा लागते, हे खोक्यावर कोठेही लिहिलेले नाही. बसस्थानकावर, प्रवासात किंवा वीज गेलेली असताना या डिस्कवर फोनचा बॅकअप घेता येईल, अशी अपेक्षा कोणी ठेवू नये.

सोबत आलेला अडॅप्टर हा वेगळा विषय आहे. डिस्क यूएसबी ३ ची, केबल यूएसबी ३ ची आणि त्यांच्या टोकाला दिलेला अडॅप्टर मात्र यूएसबी २ चा, अशी काटकसर कंपनीने केलेली आहे. यूएसबी २ ची कमाल गती सेकंदाला ४८० मेगाबिट, म्हणजे हिशेबाने ६० एमबी असली, तरी प्रत्यक्षात ३५ ते ४० एमबीच हाती येतात. मी माझ्यासाठी यूएसबी ३ चा अडॅप्टर वेगळा घेतला आणि माझ्या फोनवर वेग दुपटीहून अधिक झाला. आईच्या फोनवर त्याने काहीही फरक पडला नाही, कारण त्या फोनचा टाइप-सी पोर्ट आतून यूएसबी २ चाच आहे. टाइप-सी हा तोंडाचा आकार आहे, वेगाची हमी नव्हे. त्यामुळे ९६ जीबीसाठी पाऊण तास लागेल हा हिशेब मनात ठेवूनच बसावे. लहान फाइली हजारोंनी असतील, तर त्याहून बराच अधिक वेळ लागतो.

आणि हा वेळ लागतो म्हणूनच पुढची अडचण उद्भवते. फोनचा पडदा बंद झाला की बॅटरी वाचवणारी यंत्रणा मागे चाललेल्या ॲपला काही मिनिटांत झोपवते, आणि काही कंपन्यांच्या फोनमध्ये तर ओटीजी हे, म्हणजे फोनला बाहेरची डिस्क जोडू देणारे, सेटिंग दहा मिनिटे वापर नसल्यास आपोआप बंद होते. बॅकअपच्या ॲपला बॅटरीच्या निर्बंधांतून वगळणे आणि पडदा बंद होण्याची मुदत तेवढ्यापुरती वाढवणे, एवढ्याने आमचे काम झाले.

या सगळ्या अडचणी त्रासदायक खऱ्या, पण त्या निदान दिसतात. डिस्क टक् करते, सूचना येते, काम थांबते आणि काहीतरी चुकले आहे हे कळते. या उत्पादनावरचा माझा खरा आक्षेप आहे तो कंपनीच्या ॲपवर, कारण ते चुकलेले सांगतच नाही. हब आल्यानंतर आईच्या फोनचा बॅकअप अखेर एका बैठकीत शेवटपर्यंत गेला, ॲपने हिरवी खूण दाखवून ‘बॅकअप पूर्ण’ असे जाहीर केले आणि फोनमधील जागा मोकळी करण्याचा सल्लाही दिला. तो सल्ला ऐकण्यापूर्वी मी डिस्क संगणकाला लावून फाइली मोजल्या. आईच्या फोनमध्ये १४,८१२ फाइली होत्या आणि डिस्कवर ११,३०६ होत्या. हिरव्या खुणेच्या मागे ३,५०६ फाइली गहाळ किंवा निकामी होत्या.

त्यांतल्या ३,४६० व्हॉट्सॲपच्या होत्या. अँड्रॉइड ११ पासून ॲपांना एकमेकांच्या फोल्डरांत शिरण्यावर बरेच निर्बंध आले आणि व्हॉट्सॲपने आपली फाइलसाठवण ‘अँड्रॉइड’ फोल्डरातील ‘मीडिया’ या उपफोल्डरात हलवली. कंपनीचे ॲप मात्र केवळ कॅमेरा, डाउनलोड आणि ध्वनिमुद्रणे हीच ठिकाणे पाहते. नातवंडांचे, लग्नांचे आणि औषधांच्या चिठ्ठ्यांचे फोटो आमच्या घरात कॅमेऱ्याने कमी आणि व्हॉट्सॲपवरून अधिक येतात, त्यामुळे आईच्या दृष्टीने फोनचा जीव त्या फोल्डरातच होता. फोनमधल्या साध्या फाइल मॅनेजरने तो फोल्डर उघडतो आणि हाताने कॉपीही करता येतो. मी शेवटी तसेच केले. संभाषणांची फाइल तेथे कुलूपबंद स्वरूपात असते, ती संगणकावर उघडून वाचता येत नाही, पण फोटो आणि व्हिडिओ उघडे असतात.

पाच फाइली डिस्कवर होत्या, पण त्यांचा आकार शून्य बाइट होता, म्हणून मी त्या मोजणीत धरल्या नाहीत. जोडणी तुटलेल्या आधीच्या तीन प्रयत्नांचे ते अवशेष होते. ॲप दुसऱ्यांदा चालते तेव्हा त्या नावाची फाइल डिस्कवर आहे का, एवढेच पाहते. तिचा आकार मूळ फाइलइतका आहे का, हे पाहत नाही. म्हणजे एकदा अर्धवट उतरलेली फाइल पुढे कितीही वेळा बॅकअप घेतला तरी अर्धवटच राहते आणि प्रत्येक वेळी ‘पूर्ण’ म्हणून मोजली जाते. बॅकअप मध्येच तुटला असेल, तर ज्या फोल्डरावर तो तुटला तो फोल्डर डिस्कवरून पुसून टाकावा आणि तेवढे काम पुन्हा करावे, हा यातून निघालेला नियम मी आता पाळते.

उरलेल्या ४१ फाइली या आईच्या भजनी मंडळाच्या ध्वनिमुद्रणांच्या होत्या. काही वर्षांपूर्वीच्या एका रेकॉर्डिंग ॲपने त्यांना तारीख आणि वेळ अशी नावे दिलेली होती आणि तासमिनिटांच्या मध्ये विसर्गासारखी दोन टिंबे घातलेली होती. फोनच्या आतील साठवणुकीत असे नाव चालते. एक्सफॅटमध्ये ती दोन टिंबे, प्रश्नचिन्ह, तारका, दुहेरी अवतरणचिन्ह, उभी रेघ आणि आणखी काही चिन्हे फाइलच्या नावात चालत नाहीत. अशी फाइल समोर आली की ॲप तिला निमूटपणे ओलांडून पुढे जाते. नावे बदलून त्या ४१ फाइली हाताने उतरवायला मला पाऊण तास लागला. त्यांतल्या काही अभंगांना ज्यांचा आवाज आहे, त्या बाई आता मंडळात नाहीत, आणि हिरव्या खुणेवर विश्वास ठेवून फोन रिकामा केला असता तर ती मुद्रणे परत मिळाली नसती. एक ओळीची यादी, ‘या ४१ फाइली उतरल्या नाहीत’ अशी, एवढीच माझी अपेक्षा होती.

नावांचा विषय निघालाच आहे, तर मराठी वापरणाऱ्यांपुरती एक गोष्ट सांगणे आवश्यक वाटते. अँड्रॉइड फोनच्या आतील साठवणुकीत फाइलच्या नावाला २५५ बाइटची मर्यादा असते आणि देवनागरीतले प्रत्येक चिन्ह तेथे ३ बाइट घेते. काना, मात्रा, वेलांटी आणि पाय मोडण्याचे चिन्हही वेगवेगळे मोजले जाते, त्यामुळे ‘स्त्री’ हा डोळ्यांना एक अक्षराचा दिसणारा शब्द सहा चिन्हांचा, म्हणजे १८ बाइटांचा होतो. एकंदरीत ८५ चिन्हांपलीकडचे मराठी नाव फोनमध्ये मावत नाही. एक्सफॅट आणि एनटीएफएसमध्ये मर्यादा २५५ चिन्हांची आहे, म्हणून तेच नाव डिस्कवर सुखाने राहते. मी डिस्कवरील काही फाइलींना संगणकावर ऐसपैस नावे दिली, गायिकेचे नाव, प्रसंग, गाव आणि तिथी अशी, आणि डिस्कवरून फोनमध्ये परत आणताना त्यांतल्या तीन फाइलींनी यायला नकार दिला. इंग्रजीत नावे देणाऱ्याला ही मर्यादा आयुष्यभर जाणवणार नाही. आपल्याला ती एखाद्या लांबलचक शीर्षकाच्या पीडीएफवरही आडवी येऊ शकते.

मुलीचा फोन आयफोन १५ आहे. २०२३ च्या या पिढीपासून आयफोनला टाइप-सी आले, परंतु साध्या १५ ची गती यूएसबी २ इतकीच आहे आणि वेगवान जोडणी प्रो मॉडेलांसाठी राखलेली आहे. तो फोन ४.५ वॉटपर्यंत वीज बाहेर देऊ शकतो, जी या डिस्कला काठावर पुरेल अशी आशा होती. ती एकदा पुरली आणि दोनदा पुरली नाही, म्हणून हब तेथेही लागला. एक्सफॅट डिस्क फाइल्स ॲपमध्ये लगेच दिसते. मात्र डिस्कवर एकच डेटा-विभाग असावा अशी ॲपलची अट आहे. डिस्कचे दोन भाग करून एक संगणकाला आणि एक फोनला, असा बेत कोणी केला असेल, तर डिस्क दिसली नाही म्हणून केबलला दोष देऊ नये.

आयफोनच्या बाबतीत मूळ गैरसमज वेगळाच आहे. आयफोनचा संपूर्ण बॅकअप डिस्कवर थेट घेण्याची सोय ॲपलने दिलेलीच नाही. फोटो आणि फाइली तेवढ्या डिस्कवर पाठवता येतात. कंपनीच्या ॲपने मुलीचे फोटो उतरवायला घेतले आणि तीनशेव्या फोटोवर ते अनंतकाळ ‘तयारी’ करत बसले. तिच्या फोनमध्ये जागा वाचवण्याचे आयक्लाउडचे सेटिंग चालू होते, त्यामुळे फोनमध्ये फोटोंच्या लहान प्रती होत्या आणि मूळ फोटो इंटरनेटवर. प्रत्येक मूळ फोटो आधी खाली उतरणार आणि मग डिस्कवर जाणार होता. थोडे थोडे, शे-दोनशेच्या गटांत निवडून पाठवल्यावर काम झाले. संगणकामार्फत फोटो घेताना विंडोजवर ‘सिस्टीमला जोडलेले उपकरण काम करत नाही’ अशी सूचना वारंवार येत असेल, तर आयफोनच्या फोटो सेटिंगमध्ये खाली ‘मूळ प्रती ठेवा’ हा पर्याय निवडावा. फोटो पाठवताना त्यांचे रूपांतर करण्याचे काम फोन मग करत नाही आणि ती सूचना बहुधा येईनाशी होते.

संपूर्ण बॅकअपसाठी संगणकच लागतो आणि तो बॅकअप संगणकाच्या सी ड्राइव्हवर जातो. आमच्या लॅपटॉपवर तेथे ४० जीबी जागा होती, म्हणून तोही अडला. आयफोनचे बॅकअप जेथे जातात त्या मोबाइलसिंक फोल्डरातील ‘बॅकअप’ हा उपफोल्डर बाहेरील डिस्कवर हलवायचा आणि मूळ जागी विंडोजच्या एमकेलिंक या आज्ञेने त्याच्याकडे बोट दाखवणारा दुवा ठेवायचा, हा त्यावरचा मार्ग आहे. मुलीने तो दहा मिनिटांत केला, मी एकटीने केला असता असे वाटत नाही. या बॅकअपला पासवर्ड दिला तर आरोग्याची माहिती आणि साठवलेले पासवर्डही त्यात येतात. पण तो पासवर्ड विसरला, तर त्या बॅकअपचा उपयोग संपला. आणि आयक्लाउडमध्ये असलेले फोटो या बॅकअपमध्ये येत नाहीत, ते वेगळेच घ्यावे लागतात.

कंपनीच्या ग्राहकसेवेला मी तीन मेल पाठवले. पहिल्या दोहोंचे उत्तर ‘कृपया डिस्क फॉरमॅट करून पाहा’ असे एकाच मजकुराचे आले, आणि त्यातला दुसरा मेल तर गहाळ फाइलींच्या आकडेवारीसह होता. ज्या डिस्कवर बॅकअप आहे ती फॉरमॅट करण्याचा सल्ला बॅकअपच्या तक्रारीवर द्यावा, यावर काय बोलावे हे मला कळले नाही. तिसऱ्या मेलवर एका तंत्रज्ञाचा फोन आला, त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि नावांतील चिन्हांची अडचण ‘पुढच्या आवृत्तीत’ पाहू असे सांगितले. त्यानंतर ॲपची एक नवी आवृत्ती आली. त्यात हिरव्या खुणेचे चित्र बदलले आहे. तीन वर्षांची वॉरंटी डिस्कपुरती आहे, तिच्यावरील माहितीची जबाबदारी कंपनी घेत नाही, हे मात्र वॉरंटीच्या कागदावर स्वच्छ लिहिलेले आहे आणि बहुतेक कंपन्यांचे असेच असते.

मग ही डिस्क घ्यावी का? घरात संगणक असेल आणि फोनमधील माहिती संगणकामार्फत हिच्यावर ठेवायची तयारी असेल, तर या किमतीत ही उत्तम वस्तू आहे आणि मी तिला पाचपैकी चार गुण देईन. संगणक नसेल आणि फोनला थेट लावूनच काम करायचे असेल, तर फिरती डिस्क घेऊच नये. क्षमता कमी मिळाली किंवा थोडे अधिक पैसे घालावे लागले तरी एसएसडी, म्हणजे फिरती तबकडी नसलेली, चिपांवर माहिती ठेवणारी डिस्क घ्यावी. शेजाऱ्यांची एसएसडी मी आईच्या फोनला हबशिवाय लावून पाहिली आणि ती एकदाही तुटली नाही. एसएसडी वर्षानुवर्षे वीज न देता कपाटात ठेवून देणे मात्र योग्य नाही. तिला अधूनमधून जोडून पाहावे लागते. ‘मोबाइल बॅकअप’ म्हणून, म्हणजे खोक्यावर लिहिलेल्या कामासाठी, या डिस्कला माझे दोन गुण आहेत, आणि ॲपला एकही नाही. ते मी तिन्ही फोनांतून काढून टाकले असून, फोनमधील फाइल मॅनेजरने फोल्डर उतरवणे आणि नंतर दोन्हीकडची संख्या व आकार ताडून पाहणे, एवढेच आता करते.

तापकीर गल्लीतल्या दुकानदारांना मी परत जाऊन हे सगळे सांगितले. डिस्क परत घेता येणार नाही असे ते म्हणाले, जे रास्तच होते, पण यूएसबी २ चा अडॅप्टर त्यांनी बदलून दिला आणि कारखान्यातून आलेली डिस्क एक्सफॅट करून देऊ का, असे ते आता गिऱ्हाइकाला विचारतात. गेल्या आठवड्यात मी तेथे असताना त्यांनी एका गृहस्थांना ते विचारलेही. त्या गृहस्थांनी “तसं खोक्यावर लिहिलेलं नाही,” असे म्हणून नको म्हटले.